परसात लावे पाळायचे तर

कोंबड्या पाळलेल्या माणसाला वाटतं, लावा म्हणजे धाकटी कोंबडीच. मलाही वाटलं होतं. पहिल्या खेपेला ५० पिल्लं आणली, त्यातली ११ पहिल्या दोन रात्रींत पाण्याच्या भांड्यात बुडून मेली. ७-८ ग्रॅमचं पिल्लू ते, त्याला वाटीभर पाणीसुद्धा विहीर! आता बरणीच्या झाकणात गोट्या घालून वर पाणी ओतते. गोट्यांच्या फटीतून चोच जाते, पिल्लू जात नाही.

पिल्लं जपानी लाव्याचीच घ्यायची, तीही नोंदणी असलेल्या हॅचरीतून. रानातले लावे धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पहिले दहा दिवस सांभाळले की निम्मं काम झालं. खोक्यात खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात आणि पिल्लू जन्माचं अधू होतं. गोणपाट अंथरा. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघडल्या तर उकडतंय. आमच्याकडे पावसात वीज रात्री हमखास जाते, म्हणून खोक्याशेजारी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार असते.

खाद्य म्हणून ब्रॉयलरचा प्रीस्टार्टर, म्हणजे ब्रॉयलर कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य, बारीक करून देते. नुसत्या कण्यांवर ती वाढत नाहीत. मोठा पक्षी दिवसाला २५-३० ग्रॅम खातो. माद्या अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा.

पिंजरा फूटभरच उंच करा. लावा दचकला की सरळ वर उडतो. माझा पहिला पिंजरा तीन फुटांचा होता, तेवढ्या उडीत डोकी फुटली. जाळी अर्ध्या इंचाची हवी, नाहीतर घूस पाय ओढून तोडते.

तिसऱ्या आठवड्यात छाती बघा: नराची तांबूस, साधी, मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची. तीन माद्यांमागे एक नर पुरे, जास्त ठेवलेत तर माद्यांच्या डोक्यावरची पिसं उपटतात. सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, बहुतेक दुपारनंतर. सकाळी पिंजऱ्यात अंडी दिसेनात म्हणून जाऊबाईंनी आठवडाभर माझी चेष्टा केली. उजेड १४ तास लागतो, म्हणून आषाढात संध्याकाळी बल्ब लावते.

मादी अंड्यांवर बसत नाही. खुडूक कोंबडीखाली ठेवून पाहिली, निम्मी तिच्या पायाखाली फुटली. आता छोटं मशीन घेतलंय, १७-१८ दिवसांत पिल्लं निघतात. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत, झाकणही उघडायचं नाही. आमचा धाकटा तरीही उघडतो.

जादा नर आठव्या आठवड्यात कालवणात जातात.