इलेक्ट्रॉन ॲप्लिकेशनमध्ये साधे लॉगिंग कसे जोडावे

इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप ॲप्लिकेशन बनवण्याच्या साधनावर, बांधलेले ॲप्लिकेशन स्वतःच्या संगणकावर चालते तोवर लॉगिंगसाठी, म्हणजे काय घडले याच्या नोंदी ठेवण्यासाठी, ओळ पडद्यावर छापणाऱ्या ‘कन्सोल.लॉग’ने काम भागते. तेच पॅकेज होऊन ग्राहकाच्या विंडोज संगणकावर गेले, की मेन प्रोसेसने (खिडक्या उघडणाऱ्या, ॲप्लिकेशन चालवणाऱ्या मुख्य भागाने) छापलेल्या ओळी दिसायला टर्मिनलच नसते. रेंडरर प्रोसेसच्या (खिडकीतील पान दाखवणाऱ्या भागाच्या) ओळी डेव्हटूल्समध्ये, म्हणजे विकसकाच्या तपासणी-खिडकीत, जातात आणि खिडकी बंद होताच नाहीशा होतात. मग, समजा ॲप्लिकेशन बिले छापण्याचे आहे आणि दुकानातून “बिल छापलेच नाही” असा फोन आला, तर तपासायला हाती काहीच नसते. म्हणून फाइलमध्ये लिहिणारे लॉगिंग पहिल्या आवृत्तीपासूनच असावे, असे माझे ठाम मत आहे.

फाइलमध्ये लिहिण्याचे काम मेन प्रोसेसकडेच ठेवावे लागते. इलेक्ट्रॉनच्या 20व्या आवृत्तीपासून रेंडरर प्रोसेस मुळातच सँडबॉक्समध्ये, म्हणजे संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त जागेत, चालते, त्यामुळे तिला नोडचे (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेचे) फाइल मॉड्यूल वापरता येत नाही. रेंडररने संदेश पाठवायचा आणि मेनने तो लिहायचा, ही व्यवस्था स्वतः उभी करता येते. पण ‘इलेक्ट्रॉन-लॉग’ हे एनपीएमवरचे (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावरचे) छोटे पॅकेज हेच काम नीट करते, आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही पॅकेजची गरज लागत नाही. ते नेहमीच्या डिपेंडन्सीमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन चालताना लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, घालावे. डेव्ह-डिपेंडन्सीमध्ये, म्हणजे फक्त विकासाच्या वेळी लागणाऱ्या यादीत, घातले, तर पॅकेज बनवणारे साधन इलेक्ट्रॉन-बिल्डर ते अंतिम पॅकेजमधून वगळतो आणि ग्राहकाकडे ॲप्लिकेशन सुरूच होत नाही.

पॅकेजच्या पाचव्या आवृत्तीत जोडणी अशी करावी: मेन प्रोसेसच्या पहिल्या फाइलमध्ये, अगदी वरच्या बाजूला, ‘इलेक्ट्रॉन-लॉग/मेन’ इंपोर्ट करून त्याचे ‘इनिशियलाइझ’ फंक्शन बोलवावे. पहिली खिडकी तयार होण्याआधीच हे व्हायला हवे, कारण रेंडररकडून येणाऱ्या संदेशांचा मार्ग याच कॉलने तयार होतो. बंडलर (अनेक कोड फाइल एकत्र बांधणारे साधन) वापरत असाल, तर रेंडररच्या कोडमध्ये ‘इलेक्ट्रॉन-लॉग/रेंडरर’ इंपोर्ट करावे. त्यानंतर दोन्हीकडच्या ओळी एकाच फाइलमध्ये, घडल्या त्या क्रमाने वाचता येतात.

फाइलची जागा शक्यतो बदलू नये. विंडोजवर ती वापरकर्त्याच्या ॲपडेटा-रोमिंगमधील ॲप्लिकेशनच्या फोल्डरात ‘लॉग्ज’ येथे असते, मॅकवर लायब्ररीतील ‘लॉग्ज’मध्ये, तर लिनक्सवर होम फोल्डरातील ‘.कॉन्फिग’मध्ये. इन्स्टॉलेशनच्या फोल्डरात लॉग लिहिण्याचा मोह टाळावा, कारण प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते आणि ॲप्लिकेशनच्या फाइल एकत्र बांधलेल्या ‘असार’ संचात तर कोणालाच लिहिता येत नाही. फाइल 1 एमबीची झाली की तिचे नाव बदलून ती ‘ओल्ड’ म्हणून बाजूला पडते आणि नवी सुरू होते. दिवसभर चालणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी ‘मॅक्ससाइझ’ ही कमाल आकाराची सेटिंग 5 एमबी करावी. हा आकडा बाइट्समध्ये, म्हणजे 5242880 असा द्यावा लागतो.

एरर, वॉर्न, इन्फो, व्हर्बोज, डीबग आणि सिली अशा नोंदींच्या महत्त्वाच्या सहा पातळ्या, उतरत्या क्रमाने, मिळतात. सुरुवातीला फाइलची पातळी ‘सिली’ असते, म्हणजे सगळेच लिहिले जाते. ॲप्लिकेशन पॅकेज झालेले आहे का हे सांगणारे ‘ॲप.इजपॅकेज्ड’ तपासून ग्राहकाकडे ती ‘इन्फो’वर आणावी.

खरा विचार लागतो तो ओळीत काय लिहायचे याचा. “प्रिंट एरर” ही ओळ निरुपयोगी आहे, कारण ती वाचून कोणते बिल आणि कोणता प्रिंटर हे कळत नाही. त्याऐवजी अशी ओळ हवी:

[2025-03-11 11:32:07.418] [एरर] छपाई अयशस्वी: बिल 1047, प्रिंटर काउंटर-2, प्रयत्न 3

आणि तिच्यापाठोपाठ एरर ऑब्जेक्टचा पूर्ण स्टॅक, म्हणजे चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली याची यादी. तो मिळण्यासाठी एरर ऑब्जेक्ट स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून द्यावा. संदेशाच्या मजकुराला जोडला, तर फक्त नाव आणि संदेश उरतो, स्टॅक जातो, आणि ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’मधून काढला, तर नुसता रिकामा महिरपी कंस मिळतो, कारण संदेश आणि स्टॅक हे त्याचे गुणधर्म गणनीय नसतात, म्हणजे यादी करताना दिसत नाहीत. ग्राहकाचा अख्खा ऑब्जेक्ट मात्र कधीही लॉगमध्ये टाकू नये. मोबाइल क्रमांक, पॅन आणि पासवर्ड याच वाटेने साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात, आणि ती फाइल पुढे ई-मेलने फिरते. नोंदीचा क्रमांक लिहिला की तपासाला पुरतो.

वेळेबाबत एक लक्षात ठेवावे. हे पॅकेज संगणकाची स्थानिक वेळ लिहिते, पण संदेशात तुम्ही स्वतः ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने वेळ घातली, तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. एकाच फाइलमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

न पकडलेल्या चुकांसाठी याच पॅकेजमधील ‘एररहँडलर’चे ‘स्टार्टकॅचिंग’ मेनमध्ये सुरू करावे. तरीही रेंडरर प्रोसेसच कोसळली, तर ती स्वतःबद्दल काहीही लिहू शकत नाही. म्हणून मेनमध्ये ‘रेंडर-प्रोसेस-गॉन’ ही घटना ऐकून तिच्यातील कारण आणि एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मिळणारा आकडा) नोंदवावा. मेमरी संपली, की कोणी टास्क मॅनेजरमधून प्रोसेस बंद केली, याचा अंदाज त्या कारणावरून येतो. शिवाय ॲप्लिकेशन सुरू होताच त्याची, इलेक्ट्रॉनची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती एका ओळीत लिहावी, म्हणजे फोनवर ते विचारत बसावे लागत नाही.

ॲपडेटा हे फोल्डर विंडोजमध्ये लपवलेले असल्याने ग्राहकाला ते सहसा सापडत नाही. मदत मेनूत ‘लॉग फाइल दाखवा’ असा पर्याय देऊन त्याला फाइल तिच्या फोल्डरात उघडून दाखवणारे ‘शेल.शोआयटेमइनफोल्डर’ जोडावे. शेवटी पॅकेज केलेले ॲप्लिकेशन ॲडमिन नसलेल्या खात्यातून चालवावे, मुद्दाम एक चूक घडवून आणावी आणि तिची ओळ स्टॅकसह फाइलमध्ये आली आहे का, ते उघडून पाहावे.