भीतीची क्रियाविशेषणे कशी वापरावीत

वडोदऱ्यात कथा लिहिणाऱ्याला भीतीचा प्रसंग शोधायला लांब जावे लागत नाही. विश्वामित्री शहरातून वाहते, तिच्यात मगरी आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्येही शिरल्या होत्या. असा प्रसंग लिहिताना भीती कोणाच्या मनात आहे, हे आधी ठरवावे. 'काकू भीतभीत जिना उतरल्या' यातील क्रियाविशेषण काकूंच्या मनाविषयी सांगते. 'पाणी भेसूर घोंघावत होते' यातील 'भेसूर' मात्र ते ऐकणाऱ्याच्या मनाविषयी सांगते. म्हणून वस्तूला असा शब्द जोडण्यापूर्वी ऐकणारे पात्र तेथे हजर आहे ना, हे पाहावे. नसेल तर लेखकच वाचकाला भिववू पाहत आहे, हे लगेच उघडे पडते.

त्यानंतर शब्दाचे रूप निवडावे. 'काकू घाबरत घाबरत म्हणाल्या' असे लिहिल्यास बोलणे संपेपर्यंत भीती सोबत राहते. 'घाबरून म्हणाल्या' असे लिहिल्यास भीती आधी वाटते आणि तिच्यापोटी शब्द बाहेर पडतात. दाराची कडी हळूहळू काढणाऱ्याला पहिले रूप शोभते, पायरीवरून मागे उडी मारणाऱ्याला दुसरे.

छटाही सांभाळाव्या लागतात. दचकणे क्षणाचे असते, त्यामुळे रात्रभर जागणाऱ्या माणसासाठी 'धास्तावून' हाच शब्द योग्य. 'बिचकत' यात संकोच असतो, तर 'भेदरून' यात भान सुटलेले असते, म्हणून दोर टाकून मगर पकडणाऱ्या सराईत माणसाला तो शब्द देऊ नये. 'जीव मुठीत धरून' याला खरे संकट लागते. एरवी ते विनोदी होते, अर्थात विनोदच हवा असेल तर हरकत नाही. 'भयंकर' मात्र भीतीच्या कामातून बहुतेक निवृत्तच झाला आहे, कारण आपल्याला सेव-उसळही भयंकर आवडते.

शब्दाची जागा बदलली की भीतीचा मालकही बदलतो. 'भेदरून पळणाऱ्या कुत्र्याकडे तिने पाहिले' यात कुत्रा भ्यालेला आहे. 'पळणाऱ्या कुत्र्याकडे तिने भेदरून पाहिले' यात ती. क्रियापदातच भीती असेल, जसे 'थरथर कापला' किंवा 'किंचाळला', तर शेजारी आणखी 'घाबरून' लिहू नये.