बांबू ओळखायला शिकताना: तृणकुलातील एका अवघड शाखेच्या अभ्यासाचा अनुभव

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी सिंधुदुर्गातील एका गावातून बांबूचे बारा नमुने गोळा करून आणले. प्रत्येक नमुना म्हणजे हातभर लांबीची, पाने असलेली एक डहाळी होती. इतर वनस्पतींच्या बाबतीत करतात तशाच त्या मी दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून मार्गदर्शकांसमोर ठेवल्या. त्यांनी एकेक कागद पाहिला आणि यांपैकी कोणत्या बेटाचा कोंब मी पाहिला आहे, एवढेच विचारले. मी एकाही बेटाचा कोंब पाहिलेला नव्हता. त्या बाराही नमुन्यांवर जातीचे नाव लिहिता आले नाही आणि एक संपूर्ण पावसाळा वाया गेला. बांबूच्या वर्गीकरणाकडे वळू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी हे लिहिताना त्या पावसाळ्यापासूनच सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण बहुतेकांची पहिली चूक हीच असते.

या चुकीचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण फुलाच्या रचनेवर उभे आहे असे आपण शिकतो आणि ते खरेही आहे. परंतु बांबूच्या अनेक जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात, आणि फुलल्यानंतर बहुधा संपूर्ण बेट मरते. ईशान्य भारतातील मेलोकॅना बॅक्सिफेरा ही जाती सुमारे ४८ वर्षांनी फुलते. मिझोराममध्ये १९५८-५९ च्या सुमारास ती फुलली, तेव्हा तिच्या फळांवर उंदरांची अफाट वाढ होऊन पुढे दुष्काळ पडला, आणि त्यानंतरचा मोठा फुलोरा थेट २००६ ते २००८ या काळात आला. म्हणजे एखाद्या अभ्यासकाच्या उमेदीच्या काळात त्याच्या जातीला फूल येईलच याची खात्री नसते. म्हणून बांबूच्या अभ्यासकाला खोड, कोंब, फांद्या आणि जमिनीखालचा भाग यांवरून ओळख पटवण्याची एक वेगळी शिस्त अंगी बाणवावी लागते.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. वृत्तपत्रांत प्रजाती हा शब्द सर्रास कोणत्याही प्रकारासाठी वापरला जातो. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात मात्र जाती हा वर्गीकरणाचा मूलभूत एकक असून, परस्परांशी जवळच्या अशा जातींचा गट म्हणजे प्रजाती होय. बॅम्बुसा ही प्रजाती आणि बॅम्बुसा बॅम्बोस, म्हणजे आपला काटेरी कळक, ही जाती. मी हे शब्द याच अर्थाने वापरत आहे आणि नवोदितांनीही पहिल्या दिवसापासून ते याच अर्थाने वापरावेत, असा माझा आग्रह आहे.

बांबू हे गवत आहे, हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण ते नेमके कुठले गवत आहे, हे फार थोडे जण विचारतात. तृणकुलात सुमारे साडेअकरा ते बारा हजार जाती असून त्यांची आज बारा उपकुलांत विभागणी केली जाते. त्यांपैकी बॅम्बुसॉइडी हे बांबूचे उपकुल होय. भाताचे उपकुल आणि गहू-सातूचे उपकुल हे त्याचे जवळचे नातेवाईक आहेत, तर ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस हे तृणकुलाच्या दुसऱ्या मोठ्या शाखेत येतात. उसाचे कांडे बांबूसारखे दिसते म्हणून त्यांचे नाते जवळचे असेल असे वाटते, पण प्रत्यक्षात बांबू भाताला अधिक जवळचा आहे. भाताचे कणिशक, म्हणजे गवताच्या फुलोऱ्यातील लहानात लहान घटक, उघडून ज्याने सहा केसरदले (पुंकेसर) मोजली आहेत, त्याला बांबूचे कणिशक परके वाटत नाही, कारण बांबूच्या पुष्कळ जातींतही ती सहाच असतात, तर गव्हात ती तीन असतात. कोकणातल्या विद्यार्थ्याने बांबूचे फूल मिळेपर्यंत भाताच्या लोंब्यांवर भिंगाखाली हात बसवून घ्यावा; मी तसेच केले आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत बांबूच्या १,६४२ जाती नोंदवल्या आहेत, आणि तेव्हापासून त्यांत भर पडतच आहे. या सर्व जाती तीन ट्राइबमध्ये, म्हणजे उपकुल आणि प्रजाती यांमधल्या पातळीवरच्या गटांत, विभागल्या जातात. आरुंडिनारिई या ट्राइबमध्ये समशीतोष्ण प्रदेशातील काष्ठमय बांबू येतात. हिमालयातील रिंगाळ याच गटातले. बॅम्बुसी या ट्राइबमध्ये उष्ण कटिबंधातील काष्ठमय बांबू येतात आणि महाराष्ट्रातील सर्व रानटी बांबू याच गटातले आहेत. तिसरी ओलिरी ही ट्राइब आपल्याकडे आढळत नाही. ती मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेतील जंगलांच्या सावलीत वाढणाऱ्या, मऊ खोडाच्या लहानशा बांबूंची आहे. त्यांतील रॅडिएला व्हॅनेसिई ही जाती जेमतेम दोन सेंटिमीटर उंच असते. बांबू म्हटले की उंच बेटच डोळ्यांसमोर येणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट स्वीकारायला वेळ लागला, परंतु उंची किंवा काठिण्य हे बांबूचे लक्षण नव्हे, हे त्यातूनच पक्के समजले. याच्या उलट, घरात पाण्याच्या भांड्यात ठेवतात तो लकी बांबू ड्रॅसीना प्रजातीतला असून त्याचा तृणकुलाशी काहीही संबंध नाही.

आता माणग्याविषयी, कारण हा सारा विषय मला त्या एका जातीने शिकवला. दक्षिण कोकणात घराच्या परड्यात, कुंपणालगत माणग्याची बेटे असतात. तो बिनकाट्याचा, सरळ वाढणारा आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. बेट काहीसे मोकळे असल्यामुळे तोडणी सोपी जाते, आणि म्हणून शेतकऱ्याला तो कळकापेक्षा प्रिय असतो. १८६८ साली विल्यम मन्रो यांनी बांबूंवरच्या आपल्या मोठ्या प्रबंधात त्याला ऑक्सिटेनॅन्थेरा स्टॉक्सी असे नाव दिले. पुढे ऑक्सिटेनॅन्थेरा ही प्रजाती आफ्रिकेतील एकाच जातीपुरती मर्यादित झाली आणि आशियातील जातींना दुसरे घर शोधावे लागले. १९८८ साली स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा ही नवी प्रजाती मांडली गेली व १९९१ मध्ये माणगा तिच्यात गेला. २००४ साली केरळमधील अभ्यासकांनी त्याला डेंड्रोकॅलामस प्रजातीत नेले. एकाच झाडाला तीन प्रजातींची नावे मिळाली, आणि आजही वेगवेगळ्या पुस्तिकांत यांपैकी कोणतेही एक नाव भेटू शकते.

ही नावे शास्त्रज्ञांच्या लहरीने बदलत नाहीत. ऑक्सिटेनॅन्थेरात केसरदलांचे तंतू एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते. तंतू जुळलेले आहेत की सुटे, हा या गटातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर केवळ ताज्या फुलातच स्पष्ट दिसते. फूल दुर्मीळ असल्यामुळे एकेका प्रश्नाला काही दशके लागतात. म्हणून नवोदिताने जुने नाव चुकीचे म्हणून टाकून देऊ नये. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये काटेरी कळकाला अरुंडो बॅम्बोस म्हटले, म्हणजे त्याला बोरूसारख्या गवतांच्या प्रजातीत ठेवले. नंतरच्या ग्रंथांत तो बॅम्बुसा अरुंडिनेसिया झाला. आज तो बॅम्बुसा बॅम्बोस आहे. ही साखळी माहीत नसेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी आपल्याच जातीच्या आहेत हे कळतच नाही. माझ्या वहीत प्रत्येक जातीसाठी एक पान केवळ तिच्या जुन्या नावांचे आहे, आणि १८९६ सालचा गॅम्बल यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील बांबूंवरचा ग्रंथ वाचताना ते पान शेजारी उघडे ठेवावे लागते.

दुसऱ्या पावसाळ्यात मी पुन्हा त्याच गावी गेलो. ज्यांच्या परड्यात बेट होते ते आजोबा माझी डहाळ्यांची पिशवी पाहून म्हणाले, "पाना काय बघतस, कोंब बघ." आयुष्यभर बांबू तोडलेल्या माणसाचे हे निरीक्षण शास्त्राशी तंतोतंत जुळणारे होते. बांबूला दोन प्रकारची पाने असतात. फांद्यांवरची हिरवी पाने बहुतेक जातींत सारखीच दिसतात. जमिनीतून येणाऱ्या कोंबाला गुंडाळून असणारे जाड आवरण हे दुसऱ्या प्रकारचे पान होय, आणि जातीची ओळख मुख्यतः तेथेच असते. त्या आवरणाचा आकार, टोकाशी असलेले लहान पाते ताठ आहे की मागे वळलेले, दोन्ही खांद्यांवर कानासारखे भाग आहेत की नाहीत, त्यांच्या कडेला राठ केस आहेत का, आतल्या बाजूची जिभेसारखी पट्टी सरळ आहे की दातेरी, आणि पाठीवर लव कोणत्या रंगाची आहे, हे सर्व नोंदवावे लागते. हे आवरण जमिनीपासून साधारण पाचव्या पेराजवळून घ्यावे, कारण अगदी तळाची आवरणे आखूड आणि फसवी असतात. पावसाळा संपत आला की अनेक जातींत ती गळतात, त्यांवरची लव झडते आणि कान मोडतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर हेच खरे कामाचे दिवस. ही लव त्वचेत रुतून दिवसभर खाजते, तेव्हा हातमोजे जवळ ठेवावेत. आवरण हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर मावत नसेल तर ते दुमडू नये; वेगळ्या पेटीत ठेवावे आणि त्या बेटापासून घेतलेल्या प्रत्येक भागावर तोच क्रमांक पेन्सिलीने लिहावा. माझा एक चांगला नमुना केवळ क्रमांक न लिहिल्यामुळे दुसऱ्या बेटाच्या डहाळीशी जोडला गेला होता.

जमिनीखालचे मूलक्षोड पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, परंतु ते घेतलेच पाहिजेत. उष्ण कटिबंधातील बांबूंचे मूलक्षोड आखूड, जाड आणि वर वळणारे असते व त्यामुळे बेट तयार होते. चीन-जपानमधील फायलोस्टॅकिससारख्या प्रजातींत ते बारीक व लांब धावणारे असते आणि कोंब दूरदूर येतात. पण वर उल्लेखलेल्या मेलोकॅनात मूलक्षोड पहिल्या प्रकारचे असूनही त्याची मान खूप लांब असल्यामुळे खोडे विखुरलेली दिसतात. वरून पाहून निष्कर्ष काढणारा येथे हमखास फसतो. तशीच फसगत भरीव-पोकळपणाची होते. विदर्भातील कोरड्या टेकड्यांवरचा मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलामस स्ट्रिक्टस, जवळजवळ भरीव असतो. तोच ओलसर, सुपीक जागी पोकळ होऊ शकतो. त्यामुळे भरीव असणे हे एकमेव लक्षण मानून ठरवलेली ओळख मी आता स्वीकारत नाही.

कोठे बांबू फुलल्याचे कळले तर बाकी सर्व कामे बाजूला ठेवून तेथे जावे. फुलोऱ्यासोबत त्याच बेटाचे कोंबाचे आवरण, फांदी आणि सालही घ्यावी, कारण नुसते फूल असलेला नमुना आणि नुसते आवरण असलेला नमुना हे दोन वेगवेगळ्या काळांत गोळा झाल्याने एकाच जातीचे आहेत की नाहीत, हा घोळ जुन्या संग्रहांत वारंवार आढळतो. काही फुले मद्यार्कात ठेवावीत. वाळलेल्या फुलात केसरतंतूंची स्थिती कळणे फार अवघड जाते.

रेणवीय अभ्यासाचे आकर्षण आज प्रत्येक विद्यार्थ्याला असते आणि ते रास्त आहे. हरितलवकांच्या जनुकांवरून पाहिले तर उष्ण कटिबंधातील काष्ठमय बांबू हे ओलिरीतील मऊ बांबूंच्या जवळचे ठरतात, तर केंद्रकातील जनुके सर्व काष्ठमय बांबूंना एकत्र आणतात. काष्ठमय बांबूंच्या पूर्वजांत संकर व गुणसूत्रसंचांची वाढ झालेली असल्यामुळे असे दोन वंशवृक्ष मिळतात, असे आज मानले जाते. हा माझ्या मते या विषयातला सर्वांत मोहक भाग आहे. तथापि ज्या पानातून डीएनए काढला त्याचा पुरावा-नमुना हर्बेरियममध्ये नसेल, तर तो डीएनएचा क्रम नेमका कोणत्या बांबूचा हे पुढे कोणालाच तपासता येत नाही.

प्रशिक्षणासाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि केरळात पीची येथील वन संशोधन संस्थेचा जिवंत बांबूसंग्रह ही ठिकाणे मी सुचवेन. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे वर्गीकरणापेक्षा उपयोगाकडे अधिक कल असला, तरी कारागिरांचा सहवास मिळतो. राखीव वनातून नमुने घेण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यासाठी काही महिने आधी अर्ज करावा.

उपजीविकेचे काय, हा प्रश्न पालक विचारतातच. केवळ वर्गीकरणतज्ज्ञ म्हणून जागा कमी आहेत, हे मी लपवणार नाही. परंतु २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेल्यापासून वनक्षेत्राबाहेरील लागवड वाढली आहे आणि रोपांची खात्रीची ओळख ही रोजची गरज झाली आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने एका रोपवाटिकेतून माणगा म्हणून रोपे घेतली. चौथ्या वर्षी कोंबांची आवरणे पाहिल्यावर ती भलत्याच जातीची निघाली. तोवर चार वर्षे आणि दोन एकर गुंतलेले होते. रोपाच्या वयात जाती ओळखणे अवघड असल्यामुळे मातृबेटाची तपासणी करणे हाच मार्ग उरतो, आणि ती करू शकणारी माणसे आज थोडी आहेत. रोपवाटिका, वनविभागाचे प्रकल्प, महाविद्यालयीन अध्यापन आणि हर्बेरियममधील संशोधनवृत्ती, या चारही ठिकाणी माझे सहाध्यायी काम करीत आहेत.

पहिल्या पावसाळ्यातले ते बारा कागद मी अजून जपून ठेवले आहेत. त्यांतील सात बेटे नंतर पुन्हा शोधता आली आणि त्यांची आवरणे घेऊन नावे लिहिता आली. चार बेटे तोपर्यंत तोडली गेली होती. बारावे घाटाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी उभे आहे. त्याची आवरणे मी तीन वर्षे घेतली असून ती माझ्याकडच्या कोणत्याही वर्णनाशी पूर्णपणे जुळत नाहीत. त्याच्या कागदावर क्रमांक, ठिकाण आणि तारखा लिहिलेल्या आहेत, आणि फूल आल्यास मला कळवावे असे ओढ्यापलीकडच्या घरी सांगून ठेवले आहे.