गुणाकार बरोबर आलाय का? सम-विषम बघा

गुणाकार झाला की लगेच पुढच्या गणितावर उडी मारू नका, आधी उत्तराचा एककाचा अंक बघा. दोन्ही संख्या विषम असतील तरच उत्तर विषम येतं, एक जरी सम असली की उत्तर सम, मग दुसरी काहीही असो. म्हणजे ३७ × ४३ चं १५९२ आलं तर एककातच घोळ आहे, सात त्रिक एकवीस, शेवटी १ च हवा (१५९१). दोन्ही सम असतील तर अजून भारी, उत्तराला ४ ने भाग जायलाच हवा आणि त्यासाठी शेवटचे दोनच अंक बघायचे, ३६ × १८ = ६४६ लिहिलंत तर ४६ ला ४ ने भाग जात नाही, म्हणजे चुकलं, ६४८ पाहिजे. पण ३७ × ४३ मध्ये ३७ × ३ करताना हातचे २ विसरून १५७१ आलं तर ही ट्रिक गप्प बसते, कारण विषमच आहे ना तेही!