एकदा दाबलं तर तीनदा मोजतं: आर्डुइनोच्या बटणातला दोष कसा शोधावा

बटण हा आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या) प्रोजेक्टमधला सगळ्यात स्वस्त भाग, आणि नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणाराही. शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी बझर करावा, तर कोणी हात लावायच्या आधीच तो वाजतो. मोजणीयंत्र करावं, तर एका दाबात आकडा तीनने पुढे सरकतो. अशा वेळी बहुतेक जण कुठून तरी डिबाउन्सचा (एक दाब अनेकदा मोजला जाऊ नये म्हणून लिहिलेला) कोड आणून चिकटवतात. त्याने कधी दुखणं जातं, कधी नुसतं झाकलं जातं. माझं ठाम मत आहे की कोडला हात सगळ्यात शेवटी लावावा.

आधी एवढंच बघा, की गडबड नेमकी कधी होते. बटणाला हात न लावताच होत असेल, तर पिन, म्हणजे बोर्डावरची वायर जोडायची जागा, तरंगते आहे (कशालाच नीट जोडलेली नाही) किंवा वायरमध्ये बाहेरची खरखर शिरते आहे. दाबल्यावर किंवा सोडतानाच होत असेल, तर संशय बटणाच्या थरथरीवर किंवा कोडवर. काहीही केलं तरी फरक पडत नसेल, तर जोडणीच चुकली आहे. पुढचं सगळं आर्डुइनोचा ऊनो हा बोर्ड धरून सांगतो.

बटण बाजूला काढा

पिन २ ‘इनपुट_पुलअप’ (आतल्या रेझिस्टरने व्होल्टेज वर धरलेली) ठेवणारा आणि तिची स्थिती बोर्डावरच्या एलईडीवर दाखवणारा चार ओळींचा प्रोग्रॅम टाका. पिन ० आणि १ वापरू नका, त्या यूएसबीच्या सिरीयल संवादात गुंतलेल्या असतात. पिन १३ सुद्धा नको, तिच्यावर एलईडी आहे. आता एका जम्पर वायरचं टोक पिन २ मध्ये खोचा आणि दुसरं टोक ग्राउंडला (शून्य व्होल्टला) टेकवा. टेकवल्यावर एलईडी विझला आणि उचलल्यावर लागला, तर बोर्ड आणि पिन ठणठणीत आहेत. उलटं वाटेल, पण पुल-अप असताना मोकळी पिन ‘हाय’ आणि दाबलेली ‘लो’ हेच बरोबर. कोडमध्ये ‘हाय म्हणजे दाबलं’ असं लिहिलं असेल, तर दोष तिथेच सापडला.

बटणाचे चार पाय

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर) बसणाऱ्या छोट्या चौकोनी बटणाला चार पाय असतात, पण आत संपर्क दोनच. दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले. बटण मधल्या खाचेवर आडवं बसवलं की खाचेच्या अलीकडचा आणि त्याच्या अगदी समोरचा पलीकडचा पाय एकच असतात. वायर या दोघांना जोडल्या, तर बटण कायम दाबलेलंच दिसेल. कोपऱ्याकोपऱ्याचे, म्हणजे तिरपे समोरासमोरचे पाय घेतले की चूक होत नाही. खात्री मल्टीमीटरच्या बीपने करा: न दाबता गप्प, दाबल्यावर बीप. आणि लांब ब्रेडबोर्ड असेल, तर कडेची लाल-निळी पट्टी मध्येच तुटलेली नाही ना, तेही बघा. काही बोर्डांत ती मुद्दाम दोन भागांत असते.

तरंगती पिन

पिन नुसतीच ‘इनपुट’ ठेवली आणि रेझिस्टर लावला नाही, तर बटण न दाबलेलं असताना ती कशालाच जोडलेली नसते. घरातल्या ५० हर्ट्झ वीजवायरिंगची कुजबुज, जवळ आलेला हात, काहीही तिला हलवतं. ऊनोच्या चिपला ५ व्होल्टवर दीड व्होल्टच्या खाली ‘लो’ आणि ३ व्होल्टच्या वर ‘हाय’ नक्की कळतं. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची हमी नाही. ‘इनपुट_पुलअप’ लिहिलं की चिपमधलाच २० ते ५० किलो-ओहमचा रेझिस्टर पिनला वर धरून ठेवतो.

ही सोय सगळीकडे नसते. ईएसपी३२ या वेगळ्या बोर्डावरच्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाही, तिथे ३.३ व्होल्टकडे १० किलो-ओहमचा रेझिस्टर बाहेरून लावावा लागतो. नॅनो या छोट्या आर्डुइनोच्या ए६ आणि ए७ वर तर डिजिटल वाचन होतच नाही.

थरथर, आणि थरथरीसारखं दिसणारं

बटणातली धातूची पाती टेकताना काही मिलिसेकंद उड्या मारते. चिपला तेवढ्यात अनेक दाब दिसतात. पण आकडा किती उडी घेतो ते बघा. दोन-तीनने गेला तर थरथर. शेकड्यांनी गेला तर तुमचा कोड ‘बटण आत्ता दाबलं गेलं’ ऐवजी ‘बटण दाबलेलं आहे’ हे मोजतो आहे. लूप सेकंदाला हजारो वेळा फिरतो, म्हणून मागची स्थिती लक्षात ठेवून फक्त बदल मोजायला हवा.

थरथर सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) शोधताना प्रत्येक वाचन छापू नका. ९६०० बॉडला (म्हणजे त्या संवादाच्या वेगाला) एक छोटी ओळ जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात आणि उड्या त्या फटीत निसटतात. बदल झाला तरच छापा.

उपाय असा: स्थिती बदलली की ‘मिलिस’ची (बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची) वेळ टिपा, आणि ती ३० ते ५० मिलिसेकंद तशीच टिकली तरच खरी माना. ही वेळ ‘अनसाइन्ड लाँग’ या मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारातच ठेवा. ऊनोवर ‘इंट’ हा छोटा प्रकार ३२,७६७ पर्यंतच जातो. म्हणून पहिली ३२-३३ सेकंदं सगळं सुरळीत चालतं आणि मग डिबाउन्स जणू नसल्यासारखा वागतो. माणसं अशा वेळी उगाच बटण बदलत बसतात.

लांब वायर

प्रश्नमंजूषेच्या बझरला पाच-दहा मीटर वायर लागते, आणि तिथे आतला पुल-अप तोकडा पडतो. शेजारचा रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा भोंगा चालू-बंद झाला की खोटा दाब नोंदला जातो. बाहेरून १ ते ४.७ किलो-ओहमचा पुल-अप लावा, पिन आणि ग्राउंडमध्ये बोर्डाजवळच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि बटणाची वायर तिच्याच ग्राउंडच्या वायरशी पीळ देऊन न्या. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच.

शेवटी सगळ्या वायर जोडून, रिले मधूनमधून चालू-बंद करत, बटणाला हात न लावता दहा मिनिटं थांबा: मोजणी शून्यावर राहिली पाहिजे. मग शंभर वेळा दाबा, काही हळू, काही झटपट. शंभरच दिसले, की मग डब्याचं झाकण बंद करा.