व्हॅलेंटाइनची चॉकलेटं उरली असतील तर गोडाची तयारी अशी करा

9 फेब्रुवारीचा चॉकलेट डे झाला की 14 तारखेपर्यंत घरात चॉकलेटं, टॉफ्या, लॉलीपॉप साठतच जातात. कॉलेजात जाणारी मुलं असलेल्या घरात तर विचारूच नका. येता-जाता एकेक तोंडात टाकून ती संपवण्यापेक्षा रविवारी त्यांचं काही नीट करावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पदार्थ नंतर ठरवा, आधी सगळा साठा टेबलावर ओता आणि तांदूळ निवडायला बसावं तसे निवडायला बसा. तापल्यावर कोण कसं वागतं, यावरच पुढचा बेत ठरतो.

कागद फेकायच्या आधी वाचून घ्या. घटकांत कोको बटर वरच्या क्रमांकावर असेल ते चॉकलेट श्रीखंडाला आणि गनाशला, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मऊ मिश्रणाला, ठेवा. त्याऐवजी वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. ते पटकन आवळतं, म्हणून स्ट्रॉबेरी बुडवायला उत्तम. मार्शमेलो आणि चिवट जेलींमध्ये बऱ्याचदा जिलेटिन असतं, तेव्हा शाकाहारी घरात हिरवा ठिपका बघूनच पुढे जा. क्रीम भरलेली ट्रफल्स सगळ्यात आधी संपवायची, ती फार टिकत नाहीत. चॉकलेटवर पांढरट थर दिसला तर लगेच बुरशी समजून टाकू नका. बहुतेक वेळा आतली चरबी किंवा साखर वर आलेली असते आणि वितळवल्यावर ती मिसळून जाते. वास मात्र घेऊन बघा.

वितळवण्यासाठी मंद आचेवरचं पातेलं आणि त्यावर बसेल असा कोरडा वाडगा लागेल. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. चॉकलेटात पाण्याचा थेंब गेला की ते दाणेदार होऊन घट्ट होतं. तसं झालंच तर दोन-तीन चमचे गरम दूध घालून घोटा, छान सॉस होतो. आंब्याला अजून अवकाश आहे, तोवर हा सॉस घालून घरीच चॉकलेट मस्तानी करता येईल.

श्रीखंडाची तयारी आदल्या रात्री दही टांगण्यापासून सुरू होते. अर्धा किलो चक्क्याला दीडशे ग्रॅम मिल्क चॉकलेट पुरे. त्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणून नेहमीच्या साखरेतून साधारण पाऊण वाटी आधीच काढून ठेवा आणि चव घेऊन लागेल तेवढीच परत घाला. माझ्या मते असे पदार्थ बिघडतात ते याच एका गोष्टीने: कृतीतली साखर तेवढीच राहते आणि वर चॉकलेटचीही पडते. चक्का फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. गार चक्क्यात वितळलेलं चॉकलेट ओतलं की त्याचे कडक कण होतात.

कॅरमल भरलेली छोटी चॉकलेटं आप्प्यांसाठी राखून ठेवा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे लगेच वाहणार नाहीत. कणीक, दही, थोडा गूळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा यांचं सरबरीत पीठ करायचं. आप्पेपात्राच्या खळग्यात चमचाभर पीठ, मध्ये चॉकलेट, वर पुन्हा पीठ. झाकण आणि मंद आच हवीच. ओव्हन नसलेल्या घरात याइतकं समाधान देणारं काही नाही.

ओव्हन असेल तर कडक पारदर्शक गोळ्यांची खिडकीची बिस्किटं, म्हणजे मधल्या भोकात वितळलेल्या गोळीची रंगीत काच असलेली बिस्किटं, कराच. प्रत्येक रंग वेगळ्या पिशवीत घालून बत्त्याने भरड कुटा. मसाला भरलेल्या कच्च्या कैरीच्या गोळ्या आणि पुदिन्याच्या गोळ्या यात नकोत. बटर पेपर, वाटी आणि मधलं भोक पाडायला बाटलीचं झाकण हाताशी ठेवा. बिस्किटं 170 अंशांवर जवळजवळ भाजून झाली की भोकात चुरा भरा आणि तो वितळेपर्यंत तीन-चार मिनिटं परत आत. ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना उचलली की खिडकी ओघळते. पुण्याची फेब्रुवारीतली कोरडी हवा याला फार चांगली. पावसाळ्यात हीच बिस्किटं काही तासांत चिकट होतील.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत याच दिवसांत भरपूर असते. ती सकाळी आणा, धुऊन फडक्यावर अगदी कोरडी करा, मगच बुडवा. दुपारी पारा तिशीच्या वर जातो, त्यामुळे बुडवायचं काम सकाळीच उरका. घरात कुत्रा असेल तर चॉकलेटचा चुरासुद्धा खाली पडू देऊ नका. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं. पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाणे-बदाम चालत नसतील तर ते आधीच विचारा. आणि श्रीखंड वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असलं की चॉकलेटची चवच लागत नाही.