सोलरच्या प्लेटा म्हाताऱ्या झाल्यात, असं कुणी म्हटलं तर

बार्शीतल्या आमच्या स्लॅबवर २०१९ च्या डिसेंबरात सोलर बसलं. ३३५ वॅटच्या नऊ प्लेटा, म्हणजे तीन किलोवॅट. २०२० च्या एप्रिलात ४०० युनिट पडले होते, २०२५ च्या एप्रिलात ३१५. बसवणाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "काका, प्लेटा म्हाताऱ्या झाल्या. आता ५५० वॅटच्या आल्यात, बदलून टाका." मी तीस वर्षं एसटीच्या आगारात गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. कुणी बॅटरी बदला म्हटलं की आधी टर्मिनल घासलं का, हे विचारायची सवय. इथंही तेच केलं.

म्हातारपणाचा हिशेब सोपा आहे. चांगली प्लेट पहिल्या वर्षी दोन-अडीच टक्के उतरते, नंतर दरवर्षी साधारण अर्धा-पाऊण टक्का. २५ वर्षांनी ८० टक्के शिल्लक राहील, अशी हमी कंपन्याच देतात. म्हणजे पाच वर्षांत माझे ४०० चे ३८० व्हायला हवे होते. उरलेले ६५ युनिट म्हातारपणानं नेले नाहीत.

तुलना एप्रिलची एप्रिलशीच करा, फेब्रुवारीची मेशी नको. उन्हाळ्यात प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वीज घटते. भर दुपारी तीन किलोवॅटच्या जागी इन्व्हर्टरवर (प्लेटांची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) २.३ दिसलं, तर तो बिघाड नव्हे.

खरी गंमत धुळीत होती. पाइप धरून पाणी मी दर पंधरा दिवसांनी मारत होतो. पण प्लेटांना उतार कमी, त्यामुळे धुतलेली माती खालच्या फ्रेमला अडून दोन बोटं रुंदीचा पट्टा जमला होता, वर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. एवढ्याशा पट्ट्यानं काय होतंय, असं वाटतं. पण उभ्या बसवलेल्या जुन्या प्लेटेत खालची ओळ झाकली की प्लेटेतल्या सेलच्या तिन्ही भागांचा प्रवाह एकदम आवळला जातो. नव्या हाफकट (अर्धे कापलेले सेल असलेल्या) प्लेटेत निदान वरचा अर्धा भाग चालू राहतो.

धुवायचं ते सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. नळाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. क्षाराला पातळ केलेलं व्हिनेगर लावा आणि लगेच धुऊन काढा. संडास साफ करायचं ॲसिड, तारेची घासणी, आणि हो, आरओचं वाया जाणारं पाणीसुद्धा नको, त्यात क्षार जास्तच असतात. प्लेटेवर पाय ठेवू नका. काच फुटत नाही, पण आतले सेल चिरतात. माझं उत्पादन पट्टा काढल्यावर दिवसाला साडेदहा युनिटवरून ११.६ वर आलं.

पुढचा चोर घरातच निघाला. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून हिनं सोलरच्या अँगलला जुनी साडी बांधली होती आणि दुपारनंतर तिची सावली तीन प्लेटांच्या खालच्या कडेवर पडायची. बोलायची सोय नव्हती, चहा पिताना नुसता इन्व्हर्टरचा आकडा दाखवला. साडी पलीकडच्या कठड्याला गेली, रोजचे युनिट १२.१ झाले. तुमच्याकडे साडी नसेल, पण शेजाऱ्याची नवी टाकी किंवा वाढलेला शेवगा असेल. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता वर जाऊन बघा.

वैरागला मेहुण्याकडे वेगळंच. प्लेटा चकाचक, पण दुपारी लाइनचं व्होल्टेज इतकं चढायचं की इन्व्हर्टर स्वतःच बंद व्हायचा. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये तशी नोंद दिसली, तर त्याचे फोटो लावून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. प्लेटा धूत बसू नका.

एवढं करूनही महिन्याच्या ३८० च्या हिशेबानं माझं रोजचं अर्धा युनिट कमीच होतं. मग इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर (प्लेटांकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद, आणि मल्टिमीटरनं एकेका प्लेटेचं व्होल्टेज मोजलं. हे वायरमनकडूनच करवून घ्या. ऊन आहे तोवर प्लेट जिवंत असते, नऊ प्लेटांच्या माळेत तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी नाही, जाळ निघतो. आठ प्लेटांनी ४० च्या आसपास दाखवलं, सातव्या नंबरच्या प्लेटेनं २७. जवळपास एक तृतीयांश गायब. मागच्या डबीत तीन डायोड असतात, प्लेटेच्या प्रत्येक भागाला एक, त्यातला एक शॉर्ट झाला की असंच होतं. मल्टिमीटर नसेल तर मागून-पुढून नजरेनं तपासा: तपकिरी डाग, पिवळेपणा, मागच्या पांढऱ्या पडद्याला चिरा.

हात शिवशिवत होते, पण डबी उघडली नाही. उघडली की वॉरंटी गेली. प्लेटेच्या बिघाडाची हमी बहुधा दहा-बारा वर्षांची असते, ती २५ वर्षांच्या हमीपेक्षा वेगळी. शिवाय सरकारी अनुदानातून बसवलं असेल, तर पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याकडेच असते, माझी चार महिन्यांपूर्वी संपली होती. बिल, मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो, मीटरवरच्या २७ चा आणि शेजारच्या प्लेटेच्या ४० चा फोटो, असं सगळं थेट कंपनीला मेल केलं. बसवणाऱ्यालाही एक प्रत पाठवली.